मॉस लँडिंगहून सहा जणांच्या बोटीतून देवमासे पाहणे: अनुभव आणि शंका

खाडीकाठची (धागाकर्ती)

गेल्या सप्टेंबरमध्ये आई-बाबा कऱ्हाडहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे कॅलिफोर्नियात सॅन होजेला आले होते. इकडे येणाऱ्या प्रत्येक आई-वडिलांना दाखवायची जी ठरलेली स्थळे असतात, म्हणजे गोल्डन गेट, योसेमिटी, लेक टाहो आणि लिव्हरमोरचे मंदिर, ती पहिल्या पाच आठवड्यांतच उरकली. बाबा कोयना प्रकल्पातून निवृत्त झालेले अभियंते असल्यामुळे त्यांना पाणी दाखवले की ते खूश असतात, म्हणून मॉन्टेरे उपसागरातील देवमासे दाखवायचे ठरवले. या मंचावर योसेमिटीवर पंचवीस धागे सापडले, पण या विषयावर एकही सापडला नाही. त्यामुळे आम्हांला जे शोधाशोध करून कळले ते येथे लिहून ठेवत आहे.

मॉन्टेरे शहराच्या धक्क्यावरून सत्तर-ऐंशी प्रवासी घेणाऱ्या मोठ्या बोटी सुटतात. आम्ही मात्र मॉस लँडिंग या लहान बंदरातून सुटणारी, जास्तीत जास्त सहा प्रवासी घेणारी बोट ठरवली. अमेरिकी तटरक्षक दलाच्या नियमांप्रमाणे, ज्या बोटींची मोठ्या प्रवासी बोटींसारखी तपासणी झालेली नसते त्यांना पैसे भरणारे सहापेक्षा जास्त प्रवासी नेता येत नाहीत. इकडचे लोक अशा बोटींना सरसकट ‘सिक्स पॅक’ म्हणतात. तिकीट मोठ्या बोटीच्या जवळजवळ अडीचपट पडले, हे आईला अजून सांगितलेले नाही.

मॉस लँडिंगच निवडण्याचे कारण भूगोलात आहे. या उपसागराच्या मधोमध समुद्राच्या तळाशी एक प्रचंड दरी आहे आणि तिचे वरचे टोक या बंदराच्या तोंडापासून अवघ्या काही शे मीटरांवर येऊन थांबते. पुढे ती खोल होत जाते आणि शेवटी साडेतीन हजार मीटरांच्याही खाली पोहोचते. तिच्या कड्यांची उंची ग्रँड कॅन्यनच्या तोडीची आहे. वसंतात आणि उन्हाळ्यात वायव्येकडून वारा वाहू लागला की पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरकते आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड, पोषक क्षारयुक्त पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर क्रिल (कोळंबीसारखे इवले जीव) आणि अँकोव्ही हे लहान मासे पोसले जातात, आणि त्यांच्यामागोमाग देवमासे येतात. इतर ठिकाणी जे पाहण्यासाठी तासन्तास समुद्रात जावे लागते ते येथे किनाऱ्यावरची वीजकेंद्राची दोन उंच धुराडी दिसत असतानाच दिसते, ते या दरीमुळे.

आम्ही सकाळी साडेसातची वेळ घेतली होती, कारण दुपारनंतर वारा वाढतो आणि लहान बोटीला तो सोसत नाही. धुके इतके होते की बंदरातील पाणमांजरेसुद्धा बोटीच्या अगदी शेजारी आल्यावर दिसली. बोटीवर आम्ही तिघे, एक वयस्कर जोडपे, एक छायाचित्रकार, कप्तान आणि त्यांची एक मदतनीस असे आठ जण होतो. कप्तान पन्नाशीच्या एक बाई होत्या. बाबांनी पहिली दहा मिनिटे त्यांना फक्त इंजिनाविषयी प्रश्न विचारले, आणि त्यांनीही त्यांची उत्तरे मनापासून दिली.

चाळीस मिनिटांनंतर त्यांनी सुमारे पाव मैलावर पक्ष्यांचा थवा दाखवला, त्या दिशेने थोडे पुढे नेऊन बोटीचा वेग कमी केला आणि मग इंजिन बंदच केले. मला वाटले, काहीतरी बिघडले. त्या म्हणाल्या, ‘आता आपण थांबायचे.’ आम्ही वीस-बावीस मिनिटे तसेच थांबलो. समुद्र शांत असला तरी त्याचा लांब, संथ हेल असतोच, आणि बंद पडलेली लहान बोट त्यावर पाळण्यासारखी हलते. आईने आलेपाकाची वडी तोंडात धरली होती आणि ती क्षितिजाकडे बघत बसली होती. आवाज सर्वांत आधी तिनेच ऐकला. प्रेशर कुकरची शिट्टी उचलल्यावर वाफ जशी एकदम सुटते तसा, पण कितीतरी मोठा आणि खोल. धुक्यात काही दिसत नव्हते. मग दुसऱ्या बाजूने तसाच एक आवाज आला. हंपबॅक जातीचे दोन देवमासे होते आणि त्यांच्याबरोबर पन्नासएक समुद्रसिंह अँकोव्हीच्या थव्याला खालून वर ढकलत होते. थवा पृष्ठभागाशी आला की एक देवमासा जबडा उघडून खालून वर येई, त्याच्या गळ्याच्या वळ्या फुगत आणि जबड्याच्या कडांवरून चांदीसारखे मासे उड्या मारून बाहेर पडत. एकदा त्यांपैकी एक आमच्यापासून चाळीस-पन्नास मीटरांवर वर आला आणि त्याच्या श्वासाचा फवारा वाऱ्याबरोबर अंगावर आला. तो वास कसा होता हे मी सभ्य भाषेत एवढेच सांगेन की सुक्या मासळीच्या बाजारातून पावसाळ्यात गेलेल्यांना तो ओळखीचा वाटेल.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की सहा जणांच्या बोटीचे जास्तीचे पैसे जवळून दिसण्यासाठी द्यायचे नसतात. अंतराची मर्यादा सर्व बोटींना सारखीच आहे. ते पैसे थांबण्यासाठी असतात. वेळापत्रक नाही, पुढची फेरी नाही, ध्वनिक्षेपक नाही, आणि आठ जणांनी ठरवले तर सगळे गप्प बसू शकतात.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी भर घालावी.

मंजिरी_क

लेख फार आवडला. माझे सासू-सासरे एप्रिलमध्ये येत आहेत, म्हणून तीन शंका विचारते. सासूबाईंना बोट लागते. म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जातानासुद्धा त्यांना त्रास झाला होता. अशा व्यक्तीला लहान बोटीतून नेणे योग्य आहे का? दुसरे, बोटीवर स्वच्छतागृह असते का? तिसरे, एप्रिलमध्ये काही दिसते का, की सप्टेंबरपर्यंत थांबावे?

निवांत_डॉक्टर

मंजिरीताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. बोट लागू नये यासाठीची बहुतेक औषधे त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यायची असतात. एकदा मळमळ सुरू झाली की गोळी पोटात टिकत नाही. मेक्लिझिनची गोळी बोटीत बसण्यापूर्वी साधारण तासभर आधी घेतात आणि ती अमेरिकेत औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. भारतातून येणारे लोक ॲव्होमीन घेऊन येतात. तीही आधीच घ्यायची असते आणि तिने झोप बऱ्यापैकी येते. कानामागे लावायची स्कोपोलामीनची पट्टी किमान चार तास आधी लावावी लागते आणि तिला डॉक्टरांची चिठ्ठी लागते.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. ज्येष्ठांमध्ये ही पट्टी गोंधळलेपणा आणू शकते. काचबिंदूच्या काही प्रकारांत ती वापरतच नाहीत आणि ज्यांना प्रोस्टेटमुळे लघवीला अडचण होते त्यांनीही ती टाळावी. मेक्लिझिन आणि ॲव्होमीन याही बाबतीत अगदी निर्धोक नाहीत. शेजारच्या काकूंना लागू पडले म्हणून सासूबाईंना द्यावे, असे करू नका. त्यांच्या चालू औषधांची यादी घेऊन डॉक्टरांना विचारा.

आलेपाकाला मी नावे ठेवणार नाही. आल्याचा काही जणांना उपयोग होतो. त्याखेरीज बोटीच्या मध्यभागी, शक्यतो मागच्या बाजूला बसावे, कारण नाळेकडचे, म्हणजे पुढचे टोक सर्वांत जास्त वरखाली होते. नजर क्षितिजावर ठेवावी आणि मोबाइलमध्ये पाहू नये. पोट अगदी रिकामेही नसावे आणि भरलेलेही नसावे. सकाळी निघताना कांदेपोहे ठीक, साबुदाण्याची खिचडी नको.

फ्रीमाँटकर

धागाकर्तीचा अनुभव सुंदर आहे यात वाद नाही. पण ज्यांच्या घरी ज्येष्ठ मंडळी येणार आहेत त्यांना मी तरी मोठीच बोट सुचवीन, आणि त्याची कारणे निव्वळ कंजूषपणाची नाहीत.

मोठी बोट जड असते, त्यामुळे हेलावर कमी डुचमळते. तिला आत बसायला बंद जागा असते, हे मॉन्टेरेच्या थंडीत फार महत्त्वाचे आहे. समुद्राचे पाणी उन्हाळ्यातही साधारण बारा ते पंधरा अंशांचे असते आणि त्यावरून येणारा वारा जून महिन्यातही हाडे गोठवतो. तिच्यावर नीट दार लागणारे, उभे राहता येईल असे स्वच्छतागृह असते. (दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: सहा जणांच्या बोटीवर ते असते किंवा नसते, आणि असले तर ते कपाटाएवढे असते. आरक्षण करण्यापूर्वी स्पष्ट विचारा. संकोच करू नका.) शिवाय वरच्या मजल्यावरून पाण्यात खाली पाहता येते. देवमासा बोटीच्या शेजारून जात असेल तर पाण्याखालचा त्याचा पांढरा पर वरूनच दिसतो. लहान बोटीत तुम्ही पाण्याच्या पातळीवर असता आणि पृष्ठभागावरची चकाकीच डोळ्यांत जाते.

माझ्या सासऱ्यांचा गुडघा बदललेला आहे. ओहोटीच्या वेळी धक्का आणि लहान बोट यांच्यामध्ये जी पायरी तयार होते ती त्यांना उतरता आली नसती.

लेन्सवाला

मंजिरी यांच्या तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. मी या उपसागरावर गेली काही वर्षे नियमित जातो.

एप्रिल मुळीच वाया जाणार नाही, फक्त प्रयोग वेगळा असेल. ग्रे व्हेल डिसेंबर ते फेब्रुवारीत आर्क्टिककडून मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या खाजणांकडे जातात आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत परत उत्तरेला येतात. पिल्ले असलेल्या माद्या सर्वांत शेवटी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये येतात. त्या किनाऱ्याला चिकटून चालतात, कारण उथळ पाण्यात ऑर्कांना (शिकारी ‘किलर व्हेल’ना) खालून हल्ला करता येत नाही. मॉन्टेरेत मात्र ती दरी आडवी येते. ती ओलांडताना पायाखाली एकदम हजारभर मीटर पाणी येते आणि ऑर्का तेथेच वाट पाहत असतात. एप्रिल-मेमध्ये येथे शिकार दिसण्याची शक्यता असते. ती तासन्तास चालते आणि ती पाहणे सोपे नसते. सासूबाईंना आधी कल्पना द्या. माझ्यासोबतच्या एका बाई त्या दिवशी अर्धा वेळ डोळे मिटून बसल्या होत्या.

हंपबॅक वसंतापासून नोव्हेंबरपर्यंत असतात. निळे देवमासे साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये येतात, पण क्रिल कोठे आहे यावर ते अवलंबून असल्याने एखाद्या वर्षी भरपूर दिसतात आणि एखाद्या वर्षी दिसतच नाहीत. लांबून ओळखायचे तर फवारा पाहावा. निळ्याचा फवारा सरळ खांबासारखा, नऊ मीटरपर्यंत उंच जातो, हंपबॅकचा झुडपासारखा पसरतो आणि ग्रेचा समोरून पाहिल्यास बदामाच्या आकाराचा दिसतो. ऑर्कांच्या बाबतीत फवाऱ्याआधी पाठीवरचा उंच काळा पर दिसतो.

छायाचित्रांविषयी एक विनंती आहे. सगळेजण उडी मारणारा देवमासा टिपण्याच्या मागे असतात. त्यापेक्षा तो बुडी मारताना शेपूट वर उचलतो त्या क्षणी शेपटाच्या खालच्या बाजूचे छायाचित्र घ्या. हंपबॅकच्या शेपटाखालचे काळे-पांढरे नक्षीकाम प्रत्येकाचे वेगळे असते. ‘हॅपीव्हेल’ नावाच्या संकेतस्थळावर असे छायाचित्र टाकले की संगणक त्याची जुन्या छायाचित्रांशी जुळणी करतो आणि तो प्राणी यापूर्वी कधी, कोठे दिसला होता ते तुम्हांला कळवतो. हा नुसता खेळ नाही. उत्तर प्रशांत महासागरात हंपबॅकची संख्या 2012 पर्यंत तेहतीस हजारांच्या वर गेली होती आणि 2021 पर्यंत ती सुमारे 26,600 वर आली, हे अशाच छायाचित्रांवरून कळले. मधल्या काळात, 2014 ते 2016 या वर्षांत, समुद्राच्या उष्णतेची लाट येऊन गेली होती.

चिकित्सक

मला धागाकर्तीच्या मूळ मुद्द्याबद्दलच शंका आहे. क्षमस्व, पण हिशेब मांडून पाहू.

मोठ्या बोटीतून बहात्तर माणसे जातात. तेवढ्याच माणसांना सहा-सहाच्या बोटींतून न्यायचे तर बारा बोटी लागतील. म्हणजे बारा इंजिने, बारा पंखे आणि एका देवमाशाभोवती बारा दिशांनी आवाज. देवमाशाच्या दृष्टीने पाहिले तर एक मोठी बोट बरी की बारा लहान? आपण गप्प बसलो म्हणून आपल्याला शांत वाटते. पाण्याखाली कसे वाटते तो प्रश्न वेगळा आहे. माणशी इंधनही लहान बोटीत जास्तच जळत असणार.

दुसरे असे की शंभर यार्डांचे, म्हणजे एक्याण्णव मीटरांचे अंतर ठेवावे हा कॅलिफोर्नियात हंपबॅकच्या बाबतीत मार्गदर्शक संकेत आहे. प्राण्याला त्रास देणे हे 1972 च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पण त्रास कशाला म्हणायचे यावर वाद घालता येतो. वॉशिंग्टन राज्यात तेथील संकटग्रस्त ऑर्कांपासून सर्व बोटींनी एक हजार यार्ड दूर राहावे असा कायदाच जानेवारी 2025 पासून लागू झाला आहे. आपल्या लेखात देवमासा चाळीस-पन्नास मीटरांवर आला असे लिहिले आहे. मग मर्यादेचे काय झाले?

खाडीकाठची

चिकित्सक, प्रश्न रास्त आहे, आणि त्यातील अर्ध्या भागाला माझ्याकडे उत्तर नाही हे आधीच मान्य करते.

अंतराविषयी सांगते. आमचे इंजिन बंद होते आणि देवमासा स्वतः जवळ आला. अशा वेळी इंजिन तटस्थ ठेवून जागेवरच राहावे, घाईने पळ काढू नये, असे कप्तानबाईंनी सांगितले. त्यांचे वाक्य असे होते की मर्यादा माझ्यासाठी आहे, त्याच्यासाठी नाही. तो बुडी मारून गेला तेव्हा पाण्यावर तेलासारखा एक गुळगुळीत गोल राहिला. शेपटाच्या फटकाऱ्याने तो तयार होतो आणि त्याला ते लोक त्याची पाऊलखूण म्हणतात. बाबांनी विचारले की आता त्या खुणेच्या रेषेत पुढे गेलो तर तो कोठे वर येईल याचा अंदाज बांधता येईल का. त्या म्हणाल्या, ‘येईल, आणि म्हणूनच मी तिकडे जाणार नाही.’ पुढे जाऊन वाट अडवणे हा या धंद्यातील सर्वांत वाईट प्रकार मानला जातो.

बारा बोटींचा हिशेब मात्र मला खोडता येत नाही. आम्ही गेलो तो मंगळवार होता आणि त्या दीड तासात आमच्याखेरीज एकच बोट दिसली. त्याआधी दोन वर्षांपूर्वी मी मैत्रिणींबरोबर एका शनिवारी गेले होते, तीही लहानच बोट होती. तेव्हा एका मादी-पिल्लाभोवती नऊ बोटी मोजल्या होत्या आणि आमचा कप्तान त्या गर्दीत घुसण्यासाठी वेग वाढवत होता. त्या बोटीचे नाव येथे लिहीत नाही. तेव्हा ‘लहान बोट म्हणजे चांगली बोट’ असे माझ्या लेखातून कोणी वाचले असेल तर ती माझ्या लिहिण्यातील चूक आहे. आधी दूरध्वनी करून इतकेच विचारावे: देवमाशाजवळ आधीच तीन-चार बोटी असतील तर तुम्ही काय करता? उत्तर द्यायला त्यांनी किती वेळ घेतला यावरूनही बरेच कळते.

सुप्रिया_ठाणे

ज्यांना अमेरिकेत जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी श्रीलंकेतील मिरिस्सा जवळ आहे. नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील दक्षिण किनाऱ्यावरचा हंगाम आहे आणि तेथे चक्क निळे देवमासे दिसतात, कारण खोल समुद्र किनाऱ्याच्या फार जवळ आहे.

आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. निळा देवमासा पाहिला, आणि परत येताना मला लाज वाटत होती. समुद्रात दहा-बारा बोटी होत्या. कोणाला तरी फवारा दिसला की सगळ्या एकदम तिकडे धावत, तो बुडी मारे, आणि तो पुन्हा वर आला की पुन्हा शर्यत. किमान शंभर मीटर अंतर ठेवण्याचा नियम श्रीलंकेत 2012 पासून आहे. आमच्या नावाड्याने मोठ्या अभिमानाने तो पंचवीस मीटरांवर नेला, आणि बोटीवरच्या आम्हां सगळ्यांनी, माझ्यासह, टाळ्या वाजवल्या. त्याला बक्षीस मिळणार होते ते त्या टाळ्यांमुळेच. म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारायला मी तयार नाही.

त्याहून मोठा धोका तेथे मालवाहू जहाजांचा आहे. डोंड्रा भूशिराच्या दक्षिणेने जगातील अत्यंत वर्दळीचा जहाजमार्ग जातो आणि तो नेमका देवमाशांच्या चराऊ जागेवरून जातो. आमच्या बोटीतून एकीकडे फवारा आणि त्याच्या मागे भिंतीसारखे कंटेनर जहाज असे दृश्य दिसत होते. एमएससी ही कंपनी 2022 पासून आपली जहाजे सुमारे पंधरा सागरी मैल अधिक दक्षिणेकडून नेते. अधिकृत मार्ग मात्र अजून पूर्वीच्याच जागी आहे.

वेंगुर्लेकर

सर्वांचे अनुभव वाचले. कोकणपट्टीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

देवमासे आपल्याकडेही आहेत. 2015 साली कुणकेश्वरजवळच्या समुद्रात कोकण सीटॅशियन रिसर्च टीमच्या संशोधकांना निळे देवमासे दिसले होते. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला बेचाळीस फुटी निळा देवमासा किनाऱ्याला लागला आणि मेला. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला एक पिल्लू वाळूत रुतले, लोकांनी रात्रंदिवस पाणी ओतले, चादरी भिजवून अंगावर टाकल्या, बोटीने ओढून समुद्रात नेले आणि तरीही ते वाचले नाही. आमच्याकडे देवमासा बहुधा असाच दिसतो.

तरीही ‘देवमासे दाखवतो’ असे सांगून मालवण-तारकर्लीत कोणी पैसे मागितले तर देऊ नका. ते खोल समुद्रात, क्वचित आणि नशिबाने दिसतात. डॉल्फिन मात्र दापोली, हर्णे, तारकर्ली येथे नेहमीच दिसतात. तेथेही धागाकर्तीचा तो प्रश्न विचारावा. आमच्याकडच्या जाणत्या तांडेलांना पाठलाग न करता थांबणे ठाऊक असते, पण पर्यटकच ‘अजून जवळ घ्या’ म्हणून घाई करतात. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि तो सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले तर मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात 2018 पासून आहे. ही गोष्ट मुंबई-पुण्याकडच्या फार थोड्या लोकांना माहीत असते.

आणि एक गंमत. ज्या अँकोव्हीचे एवढे कौतुक झाले तो आपल्या मांदेलीच्या कुळातलाच मासा आहे, आणि क्रिल म्हणजे दिसायला साधारण आपला जवळा. म्हणजे तीस टनांचा तो प्राणी मांदेली आणि जवळा खाऊन जगतो. आमच्यासारखाच.

बखरवाला

खाडीकाठची, पुन्हा आई-बाबा आले की मॉन्टेरेच्या जुन्या गावातील ‘ओल्ड व्हेलिंग स्टेशन’ अवश्य दाखवा. त्या घरासमोरचा पदपथ देवमाशांच्या मणक्यांचे चौकोनी तुकडे बसवून केलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पोर्तुगीज शिकारी येथून होड्या घालून देवमासे मारत आणि चरबी कढवून दिव्याचे तेल काढत. आपण ज्या मॉस लँडिंगहून निघालात तेथेच 1919 ते 1926 या काळात देवमासे कापण्याचा कारखाना होता. उत्तर प्रशांतात हंपबॅकच्या शिकारीवर बंदी आली 1966 मध्ये, आणि हा उपसागर राष्ट्रीय सागरी अभयारण्य झाला 1992 मध्ये. हंपबॅक ऐंशी वर्षांहूनही अधिक जगू शकतात, त्यामुळे शिकारीच्या काळात पिल्लू असलेला एखादा आजही याच पाण्यात बोटींशेजारी श्वास घेत असेल.

अनाहूत

चर्चा इतकी चांगली चालू असताना मध्येच बोलतो. देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे, तेव्हा ‘व्हेल’ असेच लिहावे असे वाटते.

वेंगुर्लेकर

अनाहूत, पाणमांजर मांजर नसते आणि समुद्रसिंह सिंह नसतो. देवमाशालाही राहू द्या.

मंजिरी_क

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना दोन्ही पर्याय वाचून दाखवले. स्वच्छतागृहाच्या मुद्द्यावर मोठी बोट ठरली, मधला वार घेतला आणि डॉक्टरांची वेळही ठरवली. ऑर्कांविषयी सांगितल्यावर सासरे अधिकच उत्साही झाले आहेत, ते काही बरे लक्षण नाही. सुरक्षित म्हणून घरूनच काही पाहता-ऐकता येते का?

लेन्सवाला

ऐकता येते. मॉस लँडिंगलाच ‘एमबारी’ ही सागरी संशोधन संस्था आहे. तिने दरीच्या काठाजवळ सुमारे नऊशे मीटर खोलीवर पाण्याखालचा ध्वनिग्राहक बसवला असून 2015 पासून तो अखंड ध्वनिमुद्रण करतो. त्याचे थेट प्रक्षेपण घरबसल्या ऐकता येते. शरद आणि हिवाळ्यात हंपबॅकचे गाणे ऐकू येते, तेही बहुतेक रात्री. जहाज जवळून गेले की ते गाणे घरघरीत बुडून जाते. चिकित्सक यांच्या प्रश्नाचे काही उत्तर तेथेही मिळेल.

खाडीकाठची

शेवटची भर घालते. आमच्या बोटीवरच्या त्या छायाचित्रकाराने शेपटाचे एक छायाचित्र पाठवले होते, ते लेन्सवाला यांच्या सांगण्यावरून हॅपीव्हेलवर टाकले. चार दिवसांनी उत्तर आले. तो याच उपसागरात याआधी तीन उन्हाळ्यांत दिसलेला आहे आणि एका जानेवारीत मेक्सिकोच्या बांदेरास उपसागरात. मी ते बाबांना कऱ्हाडला पाठवले. त्यांनी नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजले, निवृत्त अभियंत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले, आणि आता दर रविवारी दूरध्वनीवर पहिला प्रश्न तोच असतो: ‘तो पोहोचला का गं मेक्सिकोला?’ अजून कोणाला दिसलेला नाही.